सेकंडहँड कॉर्व्हेट : टेनेसी ते न्यू जर्सी, वळणावळणाने

अमेरिकेत कॉर्व्हेटवाल्यांची, म्हणजे शेवरलेच्या त्या दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारच्या मालकांची, एक ठरलेली थट्टा आहे. मालक पुरुष, साठीचा, पायात पांढरे बूट आणि गाडी कायम गॅरेजमध्ये चादरीखाली. मी बाई आहे, पन्नाशीची आहे, आणि आमच्या गॅरेजमध्ये गाडीला जागाच नाही, कारण तिथे नवऱ्याचं सुतारकाम चालतं. तरी गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं विमानाने नॅशव्हिलला गेलो आणि 2002 सालची कॉर्व्हेट चालवत न्यू जर्सीला परत आलो.

हीच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. कॉर्व्हेटची पाचवी पिढी, म्हणजे सी-फाइव्ह, 1997 ते 2004 या काळात निघाली. नवी होती तेव्हा चाळीस हजार डॉलरच्या पुढे जायची. आज धडधाकट गाडी पंधरा ते वीस हजारांत मिळते, म्हणजे चार-पाच वर्षं वापरलेल्या टोयोटा कॅमरीच्या भावात. तेवढ्या पैशांत 5.7 लिटरचं व्ही-एट इंजिन, 350 हॉर्सपॉवर, सहा गिअर आणि दीड टनाच्या आतलं वजन. इंजिनही नखरेल नाही. त्याची भावंडं त्या काळातल्या शेवरले पिकअप ट्रकमध्ये बसवलेली असत, त्यामुळे ते दुरुस्त करणारा माणूस कुठल्याही गावात सापडतो. शिवाय बॉनेटमध्ये लपणारे आणि बटण फिरवलं की वर येणारे हेडलाईट असलेली ही शेवटची कॉर्व्हेट. सहाव्या पिढीत ते गेले.

शोधताना शेवटी दोन गाड्या उरल्या. एकीचं रनिंग जेमतेम 11 हजार मैल, मालकाने फुलासारखी जपलेली. दुसरी 83 हजार मैल पळालेली. नवऱ्याने अर्थातच पहिलीवर बोट ठेवलं. मी दुसरी घेतली. उभी राहिलेली गाडी वरून देखणी दिसते, पण तिची रबरं वाळतात, सील गळायला लागतात, टायरवर नक्षी शाबूत आणि आतून भेगा. त्याहून मोठी अडचण म्हणजे तिची किंमत तिच्या न पळण्यात असते. आपण चालवलेला प्रत्येक मैल आपल्याच खिशातून जातो. अशी गाडी घेतली की आपण तिचे मालक राहत नाही, राखणदार होतो. मला गाडी चालवायची होती.

गुरुवार : नॅशव्हिलच्या दक्षिणेला

विकणारे गृहस्थ निवृत्त. आयुष्यभर शाळेच्या बस दुरुस्त केलेले. त्यांच्या हातात एक जाड फाईल होती आणि तिच्यात वीस वर्षांच्या पावत्या, अगदी वायपरच्या रबरासकट. "हिच्यातून मी किराणा आणलाय, मुलीला कॉलेजात सोडलंय, पावसातही चालवलीय," असं ते कबुलीजबाब दिल्यासारखं म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच आलेय.

रंग जस्ती करडा. आतलं कातडं ड्रायव्हरच्या डाव्या मांडीखाली, उतरताना घासतं तिथे, चिरलेलं. डॅशबोर्डचं प्लास्टिक अगदीच साधं. आतून ही गाडी कधीच श्रीमंत वाटत नाही आणि तसा आवही आणत नाही. पुढच्या काचेतून दिसणारा सतरा अक्षरी चासी नंबर मी टॉर्च मारून वाचला. दहाव्या जागी 2, म्हणजे 2002चं मॉडेल. अकराव्या जागी 5, म्हणजे कारखाना बोलिंग ग्रीन, केंटकी. उद्या तिकडेच जायचं होतं.

घ्यायचा विचार असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी इथेच लिहिते. इग्निशन चालू करून, इंजिन न लावता, डॅशबोर्डवरचं 'ऑप्शन्स' बटण दाबून धरायचं आणि 'फ्युएल' चार वेळा दाबायचं. गाडी आपल्या सगळ्या कॉम्प्युटरांमधल्या तक्रारी एकेक करून पडद्यावर वाचून दाखवते. मेकॅनिककडे मशीन लावायची गरज नाही. एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेचा, कॉम्प्युटर काही बोलला तर जपून, कारण 2001 पासूनच्या गाड्यांचा तो भाग आता सहजी मिळत नाही. स्टिअरिंग लॉकचं काम कंपनीच्या रिकॉलमध्ये झालंय का, ते विचारा. इंजिन चालू असताना समोरची मोठी पुली डुगडुगते का, ते वाकून बघा. आणि टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

टायर नऊ वर्षांचे निघाले. इथे नवऱ्यातला पुणेकर जागा झाला. इतका वेळ तो कुंपणापाशी कुत्र्याशी खेळत होता; टायरचं साल ऐकलं आणि कागद-पेन घेऊन हजर. अर्ध्या तासाने चार नव्या टायरांची किंमत वजा होऊन सौदा झाला. विकणाऱ्या काकांनी फोन करून त्यांच्याच ओळखीच्या दुकानात टायर लगेच बसवूनही दिले.

चाचणीच्या फेरीत एक गंमत झाली. मी पहिल्या गिअरमध्ये गल्लीतून हळू निघाले, दुसरा टाकायला दांडा मागे ओढला, तर तो मला न जुमानता उजवीकडे सरकला आणि गाडी चौथ्यात गेली. शेजारी बसलेले काका खुदखुदत होते. हलक्या पायाने, साधारण 15 ते 20 मैलांच्या वेगात पहिला सोडला की ही गाडी दुसरा-तिसरा बंदच करते आणि थेट चौथा घ्यायला लावते. पेट्रोलच्या सरकारी चाचणीत आकडा चांगला यावा आणि जादा कर टळावा, म्हणून केलेली ती युक्ती. "जोरात दाबा, मग ती तुमचं ऐकते," ते म्हणाले. ही युक्ती बंद करणारा एक छोटा प्लग बाजारात मिळतो. मी अजून घेतलेला नाही.

मी गाडी शिकले सांगलीत, वडिलांच्या जुन्या जीपवर. क्लच किती सोडायचा हे डाव्या पायाला तेव्हाच कळलं. नवरा स्कूटरवरून थेट अमेरिकेतल्या ऑटोमॅटिकवर आलेला, त्यामुळे या सबंध प्रवासात चालवायचं मी आणि तक्रार करायची त्याने, अशी वाटणी आपोआपच झाली.

तात्पुरती नंबरप्लेट, विमा वगैरे मार्गी लागलं. (विमा घरून निघण्याआधीच फोनवर उतरवून ठेवा. चासी नंबर पुरतो.) रात्री नॅशव्हिलचं प्रसिद्ध हॉट चिकन खाल्लं. तळलेल्या कोंबडीवर तिखटजाळ लाल तेलाचा लेप, खाली साध्या पांढऱ्या पावाचा तुकडा, वर काकडीच्या लोणच्याच्या चकत्या. तिखट मसाल्यात नसतं, तेलात असतं; मिसळीची तर्री जशी. खालचा पाव ते तेल पिऊन बसतो आणि खरी चव तिथे असते. इथले लोक तो पाव टाकून देत होते, ते बघवत नव्हतं.

शुक्रवार : बोलिंग ग्रीन, गाडीचं माहेर

नॅशव्हिलहून उत्तरेला तासाभरात बोलिंग ग्रीन येतं. 1953 साली पहिल्या तीनशे कॉर्व्हेट मिशिगनमधल्या फ्लिंटला बनल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. पुढे सेंट लुईसला कारखाना गेला आणि 1981 पासून तो इथे आहे. रस्त्याच्या अलीकडे संग्रहालय : पिवळा शंकू आणि त्यातून वर आलेला लाल सुळका, हायवेवरूनच दिसतो. पार्किंगमध्ये कॉर्व्हेटवाल्यांसाठी वेगळी राखीव जागा आहे. आमच्या घासलेल्या, किडे चिकटलेल्या गाडीला रखवालदाराने हात करून तिकडे वळवलं तेव्हा नवरा पहिल्यांदाच ताठ बसला.

संग्रहालयात मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो 2014च्या खड्ड्यापाशी. 12 फेब्रुवारीला पहाटे, इमारत रिकामी असताना, गोल दालनाची जमीन खचली आणि आठ कॉर्व्हेट आत गेल्या. कॅमेऱ्यांनी ते टिपलं, म्हणून गाड्या एकामागून एक कशा नाहीशा झाल्या ते बघता येतं. हा सगळा मुलूख चुनखडीचा. खालून पाणी दगड विरघळवत जातं आणि पोकळ्या होतात. जगातली सगळ्यात लांब ज्ञात गुहा, मॅमथ केव्ह, इथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे ती याच दगडामुळे. आठांपैकी तीन गाड्या दुरुस्त केल्या, त्यांत 1992 साली बनलेली दहा लाखावी कॉर्व्हेटही होती. उरलेल्या पाच चेचलेल्या अवस्थेतच ठेवल्या. सगळ्यात खोल गाडली गेलेली, शेवटी हाती लागलेली गाडी 2001ची, माझ्याच पिढीची. तिचा आता पत्र्याचा, म्हणजे खरं तर फायबरचा, चोळामोळा उरलाय. तिच्या भोवती जेवढी गर्दी होती तेवढी लखलखीत गाड्यांभोवती नव्हती.

एक आजोबा स्वयंसेवक भेटले. 'मॅडम, तुमची कुठली?' विचारलं आणि सी-फाइव्ह ऐकल्यावर मला कापलेल्या मॉडेलपाशी घेऊन गेले. या पिढीत गिअरबॉक्स इंजिनाजवळून उचलून मागच्या चाकांपाशी नेला. म्हणून पुढे-मागे वजन जवळपास निम्मं-निम्मं होतं आणि पाय पसरायला जागा मिळते. चाकांवर गुंडाळी स्प्रिंग नाहीत. ट्रकला असतो तसा पाटा आहे, पण आडवा आणि फायबरचा. आणि पायाखालची फरशी? दोन पातळ थरांच्या मध्ये बाल्सा लाकूड. हलकं, कडक, आवाज दाबणारं. सुतारकाम करणारा नवरा इथे विरघळला. पुढचा तासभर तो बाल्साबद्दल बोलत होता.

झोरा आर्कस-डंटॉव्ह यांचा कोपराही इथेच आहे. जन्म ब्रसेल्सचा, आईवडील रशियन ज्यू, युद्धातून निसटून अमेरिकेत आलेला इंजिनिअर. 1953 साली न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात पहिली कॉर्व्हेट बघून त्यांनी शेवरलेच्या मूळ कंपनीला, जनरल मोटर्सला, पत्र पाठवलं आणि त्याच वर्षी नोकरीला लागले. गाडी दिसायला सुंदर होती, पण आत सहा सिलिंडरचं 150 हॉर्सपॉवरचं इंजिन आणि दोनच गिअरचं ऑटोमॅटिक. तिची स्पोर्ट्स कार व्हावी म्हणून हा माणूस पुढे दोन दशकं कंपनीशी भांडत राहिला. त्यांच्या अस्थी याच संग्रहालयात आहेत. बाहेरून आलेल्या माणसाने अमेरिकेची सगळ्यात अमेरिकन गाडी घडवली, हे वाचताना आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोललो काहीच नाही.

दुपारी पूर्वेकडे कंबरलँड पार्कवे धरला. हा रस्ता माझ्या मते या प्रवासातला सगळ्यात कमी कौतुक झालेला. रहदारी नाही, तंबाखूची जुनी काळी कोठारं, कुरणं, लांबलचक चढउतार. सहाव्या गिअरमध्ये ताशी 70 मैलांना इंजिन मिनिटाला जेमतेम 1500 फेरे घेतं. पेट्रोलचा काटा मध्येच धाडकन शून्यावर पडला. नवरा दचकला, मी नाही. काकांनी सांगून ठेवलं होतं : पेट्रोलमधलं गंधक टाकीतल्या सेन्सरवर साचतं आणि काटा खोटं बोलतो. टाकी साफ करणाऱ्या रसायनाची एक बाटली पेट्रोलबरोबर ओतायची आणि दोन दिवस ट्रिप मीटरवर भरवसा ठेवायचा.

संध्याकाळी कॉर्बिन. हार्लंड सँडर्स यांचं मूळ हॉटेल इथे जतन केलंय, केएफसीची कथा जिथे सुरू झाली ते. नवा हायवे गावाला वळसा घालून जाणार म्हणून धंदा बसला, 1956 साली त्यांनी जागा विकली आणि म्हातारपणी गाडीत मसाला घालून हॉटेलोहॉटेल फिरले. लागोपाठ दुसऱ्या दिवशी तळलेली कोंबडी मी खाणार नव्हते. मेथीचे पराठे काढले. (वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं, हॉटेल गाठायची वेळ त्या हिशेबाने धरा.)

मुक्काम मेरीव्हिलला. मोटेल एका गुजराती कुटुंबाचं. काउंटरवरच्या काकूंनी काचेतून गाडी पाहिली आणि पहिला प्रश्न हिंदीत विचारला, तो आपल्याकडे विचारतात तोच : ॲव्हरेज किती देते? हायवेवर गॅलनला 28, म्हणजे लिटरला जवळपास 12 किलोमीटर. त्यांना पटेना. त्यांच्या मुलाच्या एसयूव्हीपेक्षा चांगलं होतं ते. मग त्यांनी आपल्या ऑफिससमोर, कॅमेऱ्याखाली गाडी लावायला सांगितलं आणि रात्री दव गोठेल म्हणून काचेवर टाकायला एक जुनी चादरही दिली. हेडलाईट बंद करताना डाव्या बाजूने करकर असा आवाज आला. तो मी ऐकून ठेवला.

शनिवार : 318 वळणं

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर यूएस 129चा एक 11 मैलांचा तुकडा आहे. त्यात 318 वळणं आहेत. बाजूला घर नाही, दुकान नाही, मध्ये येऊन मिळणारा रस्ता नाही. नाव 'टेल ऑफ द ड्रॅगन'. शनिवारी दुपारी तिथे जत्रा असते, म्हणून आम्ही उजाडताच पोचलो.

छताचा तुकडा खिट्ट्या काढून मागे डिकीत ठेवला, हीटर पूर्ण, डोक्याला मफलर. झाडं लाल-पिवळी, डांबर ओलसर, इंजिनाचा आवाज डोंगरावर आपटून परत येणारा. वेगमर्यादा 30 मैल आहे आणि पोलीस खरोखर असतात. पण इथे वेग लागतच नाही. दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. पहिली काही वळणं मी स्टिअरिंग घट्ट आवळून घेतली. मग हात सैल झाले आणि गाडी काय सांगतेय ते कळायला लागलं : पुढचं चाक कुठे आहे, मागचं कधी सरकायच्या बेतात आहे. पुढचं नाक लांब आणि बुटकं असल्यामुळे वळणाच्या आतली कड दिसत नाही, तिथे अंदाजाने जावं लागतं. नवरा "हळू" म्हणायचा बंद झाला तेव्हा बघितलं, तर तो डोळे मिटून बसला होता.

पलीकडच्या टोकाला, डील्स गॅपला, मोटारसायकलींचे तुटलेले भाग टांगलेलं एक झाड आहे : आरसे, हँडल, मडगार्ड. जे पडले त्यांची आठवण. खाली कॉफी घेत उभे होतो तेवढ्यात चार सी-फाइव्ह एकत्र आल्या. चौघांनी गाडी थांबवण्याआधी हात केला. कॉर्व्हेटवाले रस्त्यावर एकमेकांना हात करतात ही जुनी रीत आहे, आणि ती पाळली नाही तर लोकांना खरोखर वाईट वाटतं. त्यांतल्या एका गाडीचं रनिंग दोन लाख दहा हजार मैल होतं. मालकीणबाई नर्स होत्या, रोज त्याच गाडीने हॉस्पिटलला जाणाऱ्या. बंपरखालची प्लास्टिकची पट्टी पार झिजलेली. "ती घासायलाच असते. घासली नाही तर समजा तुम्ही कुठे गेलाच नाहीत," त्या म्हणाल्या. माझी पट्टी मोटेलच्या उतारावर सकाळीच घासली होती, त्याचं वाईट वाटणं तिथल्या तिथे थांबलं. इंजिनाला हवा खालून घ्यायची असते आणि ती वळवून वर पाठवायचं काम ही पट्टी करते. बदलायला स्वस्त, पण नसली तर हायवेवर इंजिन तापतं. म्हणून वाकून बघत जा, जागेवर आहे ना.

वळणांवर फोटोवाले बसलेले असतात. ते सगळ्यांचेच फोटो काढतात आणि नंतर ऑनलाइन विकतात. आमचाही मिळाला. मी हसतेय, नवऱ्याने दाराची कडी धरलीय.

दुपारनंतर आय-81, उत्तरेकडे. हा ट्रकांचा रस्ता. पंजाबी जेवण मिळतं अशा एका ट्रकस्टॉपवर राजमा-चावल खाल्ला. बाहेर येते तो एक सरदारजी ड्रायव्हर गाडीला प्रदक्षिणा घालत होते. "बहनजी, चलाता कौन है?" मी म्हटलं, मैं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने मान डोलावली. छत काढलेलंच होतं, म्हणून म्हटलं बसून बघा. पगडी सांभाळत ते आत उतरले. बसले म्हणण्यापेक्षा उतरले हेच खरं, कारण सीट जवळपास जमिनीला टेकलेली. तिथून त्यांनी आपल्या ट्रककडे वर बघितलं आणि एकदम गंभीर झाले. म्हणाले, "हमको आप दिखते ही नहीं." ट्रेलरच्या बाजूने रेंगाळू नका, एक तर पुढे निघा नाही तर मागे राहा. शिवाय या गाडीत स्टेपनी नाही, हे कळल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. रनफ्लॅट टायर असतात, हवा गेली तरी काही मैल जातात, असं मी समजावलं. ते काही पटलं नसावं, कारण निघताना त्यांनी हवा भरायचा जुना छोटा पंप माझ्या हातात ठेवला. पैसे घेईनात. मी डब्यातला चिवडा दिला.

रोनोकला पोचताना अंधार पडला. हेडलाईट लावले तर उजवा उठला, डावा नाही. पंपावरचा पोरगा म्हणाला, तुमची गाडी मला डोळा मारतेय.

रविवार : धुकं, आइस्क्रीम पाय आणि घर

सकाळपासून पाऊस. तरीही स्कायलाइन ड्राइव्ह सोडवेना. शेनंडोआ राष्ट्रीय उद्यानाच्या कण्यावरून जाणारा 105 मैलांचा हा रस्ता, वेगमर्यादा 35. साडेतीनशे घोड्यांना 35ने नेण्यात काय अर्थ, असं वाटेल. पण याच रस्त्यावर मला गाडी सगळ्यात जास्त आवडली. पाऊस छतावर वाजतोय, इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये गुरगुरतंय, पुढे वीस फुटांवर हरणं रस्ता ओलांडतायत. या गाड्या पावसात बिथरतात असं ऐकून होते. ते जुन्या, टणक झालेल्या टायरांमुळे असावं. नव्या टायरांवर, आणि 2001 पासून सगळ्यांत आलेल्या स्थिरतेच्या यंत्रणेसकट, तिने एकदाही वेडंवाकडं पाऊल टाकलं नाही.

दरी मात्र दिसलीच नाही. प्रत्येक थांब्यावर उतरून आम्ही पांढऱ्या भिंतीकडे बघायचो आणि परत बसायचो. बिग मेडोजला ब्लॅकबेरी आइस्क्रीम पाय खाल्ला. तो गार, बाहेर गारठा, तरी दोघांनी दोन घेतले. तिथे जायचं तर ऑक्टोबरच्या रंगांत आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, आणि डोंगरावर चढण्याआधी टाकी भरून घ्या.

पुढे मेरीज रॉकचा बोगदा लागतो, डोंगर फोडून काढलेला, सहाशे फुटांहून लांब. हेडलाईट लावणं सक्तीचं. धुक्यात एका दिव्यावर मी तोवर आले होते, पण समोरच्याला ती मोटारसायकल वाटली असती, म्हणून बोगद्याआधीच्या थांब्यावर गाडी बाजूला घेतली. कॉर्व्हेटचं बॉनेट नाकाकडे बिजागरी असलेलं, काचेच्या बाजूने उघडतं. नवऱ्याने छत्री धरली, मी बाजूने आत हात घातला. दिव्यालगतच्या मोटरला एक काळी खाचेदार गोल मूठ असते. ती फिरवायची. बोटं गारठलेली, मूठ ओली, एका वेळी अर्धा आटाच बसे. पण दर फेऱ्याला दिवा एखाद-दोन मिलिमीटर वर येत होता. उघडझाप करून आत पांढऱ्या प्लास्टिकच्या चकतीचे दाते झिजलेले असतात, म्हणून मोटर नुसतीच फिरते आणि करकरते. वीस वर्षांत प्लास्टिकने आणखी काय करावं? पाच मिनिटांत डावा दिवा पूर्ण वर आला. नवरा म्हणाला, "आता घरी जाईपर्यंत बंद करू नकोस." मग दोन्ही दिवे उघडे ठेवूनच आम्ही फ्रंट रॉयलला डोंगर उतरलो, आय-81, हॅरिसबर्ग, आय-78, आणि रात्री अकराच्या आत घरी.

पुढच्या शनिवारी पितळी गिअरची जोडी बसवली. मोटर काढायची, डबी उघडायची, जुनी चकती काढून नवी घालायची, ग्रीस, बंद. ज्याला स्क्रूड्रायव्हर धरता येतो त्याचं दुपारचं काम. डाव्या बाजूबरोबर उजवीही करून टाका, कारण तीही तितकीच जुनी. ते करताना शेजारचे तेलुगू काका कुंपणाशी येऊन उभे राहिले. दोनच सीट? मग भाजी कुठे ठेवणार? मी मागची काच उचलून दाखवली. छताचा तुकडा बाजूला ठेवला, तर वीस पाउंडांची तांदळाची पोती, कणकेचं पोतं, दोन आठवड्यांची भाजी आणि वर नवऱ्याने आणलेल्या बाल्साच्या चार फळ्या. काकांनी आत डोकं घालून बघितलं, एक फळी उचलून वजन अजमावलं, आणि आता ते एखादी शोधून द्या म्हणून मागे लागलेत. त्यांना कमी रनिंगची हवीय. आमचं त्यावरून भांडण चालू आहे.